दुसऱ्याच्या गाण्याची काळजी

फोंडा तालुक्यातील एका २६ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांनी बारा वर्षे शास्त्रीय गायन शिकून मराठीत एम. ए. केले आहे आणि गेली तीन वर्षे त्या आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम करतात. महिन्यातून मोजक्याच ड्यूट्या मिळत असल्याने उरलेल्या वेळात त्या गाण्याच्या शिकवण्या घेतात. आता मुंबईच्या एका संगीत कंपनीने त्यांना मार्केटिंग आणि कलाकार-संपर्क विभागात सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावले आहे आणि पुढे काम पाहून कायम करू, असे सांगितले आहे. घरच्यांना हे पसंत नाही. मुलीने सरकारी खात्यातील नोकरीच्या परीक्षेला बसावे, असे त्यांचे म्हणणे आहे. गाणे विकण्याचे काम पत्करले तर गाण्याशी असलेले नाते उरेल का, रेडिओला पुढे भवितव्य आहे का, आणि गोव्यात राहून या क्षेत्रात काहीच करता येत नाही हे खरे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या शेवटी त्या जाता जाता लिहितात की, गेल्या डिसेंबरात त्यांनी काकांच्या भजनी मंडळाचे, काकांनीच चाली लावलेले चार अभंग ध्वनिमुद्रित करून एका वितरकामार्फत स्पॉटिफायसारख्या स्ट्रीमिंग ॲपवर चढवले, फॉर्ममध्ये गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत ‘पारंपरिक’ असे भरले, आणि ते अभंग फारसे कोणी ऐकले नाहीत. ‘त्यामुळे मला मार्केटिंगची समज नसावी,’ असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. कंपनीला या महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी तुमचे तीन प्रश्न मनात राहिले, दुसऱ्या वेळी काकांचे चार अभंग. जी गोष्ट तुम्ही किरकोळ म्हणून शेवटी टाकली आहे, तिच्यात तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत असे मला वाटते. मी स्वतः आधी रेडिओत आणि नंतर बरीच वर्षे एका ध्वनिमुद्रण कंपनीत काम केले आहे, तेव्हा जे लिहिते आहे ते हातून झालेल्या चुकांसकट लिहिते आहे.

‘गाणे विकण्याचे काम’ हे शब्द तुमच्या पत्रात तीन वेळा आले आहेत आणि तिन्ही वेळा त्यांत थोडा कमीपणा आहे. हा कमीपणा कुठून आला, याचा आधी विचार करा. आपल्याकडे गाणाऱ्याला मान आहे, जाणकार श्रोत्यालाही मान आहे. या दोघांच्या मध्ये उभे राहून गाणे इकडून तिकडे पोहोचवणाऱ्या माणसाला मात्र आपण दलालाच्या पंक्तीला बसवतो. तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. ती तिथपर्यंत गेली कारण रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली, आणि सहजी मिळेनाशी झालेली ती ध्वनिमुद्रिका निवड करणाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानातून शोधून काढली. साडेतीन मिनिटांचे ते गाणे केसरबाईंचेच आहे. त्यात सुचवणाऱ्याचा किंवा शोधणाऱ्याचा एकही सूर नाही. तरीही त्या दोघांनी जे केले, ते गाण्याच्या बाहेरचे काम होते असे मला म्हणवत नाही.

तेव्हा या कामाने गाण्याशी नाते तुटेल का, हा प्रश्न मी थोडा बदलून तुमच्यापुढे ठेवते. दुसऱ्याच्या गाण्याची काळजी स्वतःच्या गाण्याइतकीच मनापासून घेणे, आणि त्या गाण्यावर स्वतःचे नाव कुठेही येणार नाही हे रोज मान्य करणे, तुम्हाला जमेल का? ज्यांना हे जमत नाही ते लोक वाईट नसतात. त्यांनी गावे, शिकवावे. पण गायक होता आले नाही म्हणून गायकांच्या जवळ राहण्यासाठी जी माणसे कंपनीत येतात, ती दोन-तीन वर्षांत कडवट होतात, आणि तो कडवटपणा आधी कलाकारालाच जाणवतो.

कलाकार-संपर्क म्हणजे मोठ्या गायकांमध्ये ऊठबस, असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात दुपारी चार वाजता तुम्ही एका लांबलचक तक्त्यासमोर बसलेल्या असाल. गाण्याचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक, गीतकार, संगीतकार, संयोजक, गायक, तबला, पखवाज, हार्मोनियम, स्टुडिओ, मुखपृष्ठाचे चित्र, शब्दांची फाइल, कोणाचा किती वाटा. मध्येच एखाद्या ज्येष्ठ गायिकेचा फोन येईल की, उद्याच्या रेडिओ मुलाखतीसाठी गाडी किती वाजता येणार आणि आपले नवे गाणे त्या निवेदकाने ऐकले तरी आहे का. दुसरीकडे स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पोहोचले पाहिजे, आणि वितरकाला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. आषाढी एकादशीचा अभंग आषाढात हातात आला, तर त्या वर्षापुरता तो गेलाच. चवथीच्या आरत्यांचेही तसेच. आरतीला वाजणाऱ्या घुमट या मातीच्या वाद्यांना कातडे चढवण्याची लगबग सुरू होण्याआधी कंपनीतले काम संपलेले असावे लागते.

आता काकांच्या अभंगांकडे येते. संतांचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत, त्यामुळे गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिल्याने कोणाचा हक्क बुडत नाही, तरी अभंग कोणाचा आहे ते लिहिलेले बरे. पण चाली काकांच्या आहेत, असे तुम्हीच लिहिता. चाल ही स्वतंत्र सांगीतिक रचना असते आणि आपल्या कायद्याप्रमाणे ती बांधणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. संगीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहून तुम्ही, अत्यंत विनयाने आणि प्रेमाने, काकांच्या चालींना बेवारस करून टाकले आहे. उद्या एखाद्या मोठ्या गायकाने त्यांतली एक चाल उचलली, तर तो त्याच रकान्याकडे बोट दाखवील. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कोणालाही कायमचा लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. पण ज्याचे नावच नोंदलेले नाही, त्याच्यापर्यंत ही तरतूद पोहोचणार कशी?

दुसरी गोष्ट, अभंग ऐकले का गेले नाहीत. तुम्ही पाठवलेल्या नावाने मी शोधून पाहिले. मंडळाचे नाव रोमन लिपीत दोन गाण्यांना एका स्पेलिंगने आणि दोन गाण्यांना दुसऱ्या स्पेलिंगने पडले आहे, त्यामुळे एकाच मंडळाची दोन वेगळी पाने तयार झाली आहेत. मुखपृष्ठावर देवळाच्या दीपस्तंभाचे चित्र आहे, गाणारा एकही चेहरा नाही. आणि प्रकाशनाची तारीख डिसेंबरातली, म्हणजे वारी आणि श्रावणातले भजनी सप्ताह संपून गेल्यानंतरची. यात समज नसण्याचा काही संबंध नाही. हे कोणी तुम्हाला शिकवलेले नाही, इतकेच. मात्र पैशांविषयी आताच स्पष्ट सांगते: २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे बारा महिन्यांत १००० वेळा वादन होत नाही, त्याला ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतून काहीच मिळत नाही. तेव्हा छोट्या मंडळाने स्ट्रीमिंगकडून कमाईची आशा न धरता आपल्या गाण्याची नोंद, आपले नाव आणि पुढच्या कार्यक्रमाचे बोलावणे यांसाठी तिकडे पाहावे.

ही तक्त्याची शिस्त तुम्हाला नवी नाही, हे तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. तीन वर्षे तुम्ही क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी, पाहून ‘गीत अमुक यांचे, संगीत तमुक यांचे आणि स्वर’ असे प्रत्येक गाण्यामागे म्हणत आला आहात. नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी केंद्रावर श्रोत्याचे पत्र येते, हे तुम्ही अनुभवलेच असेल. मी कंपनीत गेले तेव्हा माझ्या उपयोगी पडलेली एकमेव जुनी सवय हीच होती. तेव्हा रेडिओ सोडून एका परक्या धंद्यात शिरते आहे, या भावनेने मुंबईला जाऊ नका. गेलात तर उद्घोषणेची वही बरोबर घेऊन जा.

कलाकार-संपर्काची अवघड बाजू मात्र दुसरी आहे आणि ती सांगायला मला जड जाते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वयस्कर भजन-गायकाच्या घरी करार घेऊन मला पाठवले होते. त्यांनी चहा दिला, चष्मा पुसला आणि विचारले, “बाई, यात वावगे काही नाही ना?” मी तो करार पूर्ण वाचलेला नव्हता. “सगळ्यांचे असेच असते,” असे मी म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्यातल्या एका कलमाप्रमाणे ती भजने त्यांना पुढची अनेक वर्षे दुसऱ्या कोणासाठी ध्वनिमुद्रित करता येणार नव्हती, आणि कंपनीने तर त्यांचा तो संच बाजारात आणलाच नाही. ते मला कधी रागावून बोलले नाहीत, पण पुन्हा त्यांनी मला चहाला बोलावलेही नाही. त्यानंतर मी एक नियम केला: करार कलाकारासमोर मोठ्याने, मराठीत, कलमागून कलम वाचायचा, आणि न कळलेल्या कलमावर बोट ठेवून ‘हे मलाही कळलेले नाही, विचारून येते’ असे म्हणायचे. या नियमामुळे वरिष्ठांची बोलणी खावी लागली, पण कलाकार माझा फोन उचलत राहिले. टेबलाच्या कंपनीच्या बाजूला बसूनही समोरच्या माणसाशी खरे बोलता येते का, हे तुम्हाला त्या सहा महिन्यांतच कळेल, आणि नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही याचा निर्णय पगारापेक्षा त्यावर घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

रेडिओच्या भवितव्याचा प्रश्न तुम्ही एकच म्हणून विचारला आहे, पण त्यात दोन प्रश्न आहेत. माध्यम म्हणून रेडिओ गोव्यात जुना आणि रुजलेला आहे. १९४६ मध्ये पोर्तुगीज राजवटीत ‘एमिसोरा द गोवा’ सुरू झाली, मुक्तीनंतर तिची आकाशवाणी झाली, आणि आजही सकाळच्या भक्तिगीतांवाचून ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशी घरे फोंड्यात, डिचोलीत आणि पेडण्यात भरपूर आहेत. पंडित जितेंद्र अभिषेकींसारखा संगीतकारही मुंबई आकाशवाणीवर नोकरी करता करता चाली बांधत होता. तुमच्या उपजीविकेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नैमित्तिक उद्घोषक म्हणून कितीही वर्षे काढली, तरी त्यातून आपोआप कायम नोकरी होत नाही; ती भरती स्वतंत्रपणे होते. खासगी एफएमकडे पाहिले तर २०११ च्या धोरणानंतर एका शहरातला कार्यक्रम त्याच कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर लावता येतो, त्यामुळे लहान केंद्रांना स्थानिक माणसे कमी लागतात. तेव्हा रेडिओवर प्रेम करा आणि ड्यूट्या मिळत असतील तोवर जरूर करा, पण घर चालवण्याचा भार त्याच्यावर टाकू नका.

गोव्यात राहून काही होत नाही, हे मात्र मला मान्य नाही. इथे संगीत कंपन्यांची मोठी कार्यालये नाहीत हे खरे. पण संगीत जिथे प्रत्यक्ष वाजते अशा जागा भारतात फार थोड्या ठिकाणी इतक्या जवळजवळ असतील. कला अकादमीचे समारोह, भजनी स्पर्धा, जत्रांतली संगीत नाटके, डिसेंबरातला सेरेंडिपिटी महोत्सव, शिवाय किनारपट्टीवरची हॉटेले आणि लग्ने. या प्रत्येक ठिकाणी कलाकाराशी बोलणारे, परवाने काढणारे, रात्री दहाच्या ध्वनिक्षेपक-बंदीचे भान ठेवून कार्यक्रमाची आखणी करणारे माणूस लागते. लग्नात वाजणाऱ्या संगीताला परवाना लागतो की नाही, यावरून इथे केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. असा परवाना मागू नये असे सांगणारे सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. अशा वेळी हॉटेलवाल्याला आणि कलाकाराला हक्कांची बाजू मराठीत नीट समजावून सांगू शकेल, असे माणूस शोधू लागले तर फारसे कोणी सापडत नाही. ही जागा तुमच्यासारखीने भरावी, असे मला फार वाटते. पण ते ज्ञान आज तुमच्याकडे नाही आणि ते गोव्यात बसून शिकायला वेळ लागेल. म्हणून माझे मत मुंबईला जाण्याच्या बाजूने झुकते. कायमचे जाण्याच्या नव्हे, शिकून येण्याच्या.

त्यासाठी कंपनीला काही प्रश्न लेखी विचारा. सहा महिन्यांचे मानधन किती आणि ते दर महिन्याला मिळेल का; मुदतीआधी सोडल्यास काही रक्कम भरावी लागेल असा बाँड आहे का; तुम्हाला हक्क आणि परवाने पाहणाऱ्या विभागात किमान काही आठवडे बसू देतील का, की सहाही महिने फक्त रील कापून घेतील; स्वतः गाण्यावर आणि शिकवण्यावर काही बंधन असेल का. ध्वनिमुद्रणे आणि कार्यक्रम रात्री उशिरा संपतात, तेव्हा घरी पोहोचवण्याची सोय कोणाची आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, हेही संकोच न करता विचारा. या प्रश्नांनी जी कंपनी नाराज होईल, तिथे कलाकारांचीही गाऱ्हाणी ऐकली जात नसणार.

आईवडिलांशी बोलताना त्यांना चूक ठरवू नका. सरकारी नोकरीत त्यांना जे दिसते ते खरेच आहे: ठरलेली तारीख, ठरलेला पगार आणि मुलगी डोळ्यांसमोर. त्यांच्याशी मुदतीचा करार करा. सहा महिने आणि त्यानंतर एक महिना विचारासाठी; तोवर परीक्षेच्या जाहिराती आल्या तर अर्ज भरायचा, पुस्तके बरोबर न्यायची. मुंबईतल्या राहण्याचा, लोकलच्या पासचा आणि जेवणाचा खर्च मांडून पाहा, आणि मानधन त्याला पुरत नसेल तर उरलेली रक्कम घरून घेण्यापेक्षा शिकवण्यांच्या साठवणीतून काढता येते का ते बघा. घरच्या पैशांवर गेलात तर परतण्याचा निर्णय तुमचा राहणार नाही. कोकणकन्या एक्सप्रेस संध्याकाळी मडगावहून निघते आणि सकाळी मुंबईला पोहोचवते, हे आईला माहीत असले तरी पुन्हा एकदा सांगा. आणि गुरूंना विचारून आठवड्यातला एक दिवस, एक वेळ रियाजासाठी ठरवून घ्या. कंपनीतला पहिला महिना फार दमवतो, आणि त्या महिन्यात सुटलेला रियाज पुन्हा हाती लागायला किती काळ जातो ते मी पाहिले आहे.

हे सगळे ठरवण्याआधी, याच आठवड्यात, एक काम करा. काकांना समोर बसवून चारही अभंगांच्या चाली कधी आणि कशा बांधल्या ते विचारून लिहून घ्या. एखादी चाल त्यांच्या गुरूंची निघाली तर ते नाव लिहा. पखवाज, टाळ आणि हार्मोनियम कोणी वाजवले, त्यांची नावे त्यांच्याच तोंडून, ते लिहितात त्या स्पेलिंगसह घ्या. मग वितरकाच्या खात्यात जाऊन संगीतकाराच्या रकान्यातले ‘पारंपरिक’ काढा, दोन्ही पाने एक करण्याची विनंती पाठवा आणि काकांना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचे सभासद होण्यासाठी लागणारी कागदपत्रे गोळा करून द्या. ‘कशाला माझे नाव, देवाचे काम आहे,’ असे ते म्हणतील. त्यांना चहा देऊन थोडे थांबा आणि पुन्हा विचारा. ते काम करताना दुपार कशी गेली हे कळले नाही, की प्रत्येक रकान्याला कंटाळा आला, ते मला जरूर कळवा. कंपनीला काय उत्तर द्यायचे ते त्यावरून ठरवणे तुम्हाला सोपे जाईल.